बाथरूममधला ऑक्टोपस

धुळ्यात आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा त्यातली सगळ्यात वाईट जागा होती बाथरूम. चार फूट बाय साडेपाच फूट. भिंतींना पोपटी ऑइलपेंट, तोही पापुद्रे सुटलेला, आणि वर एक मिणमिणता बल्ब. नवरा म्हणाला, "बाकी घर आधी करू, बाथरूमचं मागून बघू." मी म्हणाले, "बाथरूम आधी. आणि त्यात मी समुद्रातले प्राणी करणार आहे."

"समुद्र? धुळ्यात?" तो हसला. "आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं."

"म्हणूनच," मी म्हणाले.

मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेची सहल घेऊन एकदा कोकणात गेले होते. तिथल्या लहानशा मत्स्यालयात मुलं काचेला नाक लावून ओरडत होती आणि मी मुलं मोजायची सोडून समुद्रघोड्याच्या शेपटीकडे बघत उभी होते. ती शेपटी डोक्यातून गेली नाही. पण बाथरूमच आधी का, याचं खरं कारण त्याहून जुनं आहे.

माझं माहेर भडगावजवळचं, गिरणा नदीच्या काठावरचं गाव. गावाच्या टोकाला बौद्धवस्ती, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर. आंघोळीला घरामागे एक सपाट दगड, चार बांबू रोवून त्यांना गुंडाळलेली गोणपाटं. वाऱ्यानं गोणपाट उडायचं. मी आत असले की माय बाहेर पाठ करून उभी राहायची आणि सारखी म्हणायची, "आटप, आटप." ती स्वतः कधी आंघोळ करायची ते मला माहीत नव्हतं. आम्ही उठायच्या आत, उजाडायच्या आत तिचे केस ओले असायचे. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी आंघोळ पाच मिनिटांत उरकायची सवय अंगातून गेली नव्हती. स्वतःच्या घरात मला ती मोडायची होती.

टाइल्सच्या दुकानात विक्रेत्यानं उत्साहानं नमुने मांडले. उड्या मारणारे डॉल्फिन, मागे मावळता सूर्य, जमिनीवर अख्खा देवमासा, पाय ठेवला की पाण्यात पडतोय असं वाटावं. "मॅडम, सध्या हेच चालतं," तो म्हणाला.

"चालू द्या," मी म्हणाले. "मला साध्या पांढऱ्या टाइल्स द्या. आणि तुमच्या मागच्या अंगणात फुटक्या टाइल्सचा ढीग आहे, त्यातले निळे, राखाडी आणि विटकरी तुकडे निवडून नेऊ का?"

त्यानं नमुने बाजूला सारले. मग म्हणाला, "न्या की. तेवढीच जागा मोकळी होईल."

माझे नियम ठरलेले होते. रंग तीनच. प्राणीही तीनच, ऑक्टोपस, समुद्रघोडा आणि कासव. कोणीही हसणार नाही, कोणाला पापण्या नाहीत. बाकी भिंत मोकळी, कारण लहान जागेत गर्दी केली की माणूसच नकोसा होतो. दिवाळीच्या सुट्टीत मी ड्रॉइंग शीट जोडून प्राणी खऱ्या मापात काढले आणि भिंतीवर चिकटवून दोन दिवस नुसते बघितले. कासव मोठं झालं होतं, ते लहान केलं.

मिस्त्री सोनगीरहून यायचे. पन्नाशीचे, हात सफाईचा, पण माझा बेत त्यांना पटला नव्हता. "मॅडम, तुकडे लावले तर लोक म्हणतील मिस्त्रीनं काम बिघडवलं."

"भाऊ, लोक माझ्या बाथरूममध्ये येणार नाहीत."

पहिल्या दिवशी ते फक्त पांढऱ्या टाइल्स लावत राहिले. दुसऱ्या दिवशी मी समुद्रघोड्याच्या शेपटीशी झगडत होते. वळणाचा तुकडा काही केल्या नीट तुटत नव्हता, तीन वाया गेले. त्यांनी माझ्या हातातली पक्कड घेतली, तुकडा कडेकडेनं दाणा दाणा कुरतडत नेला आणि अचूक वळण काढून दिलं. त्यानंतर ते चहा घ्यायलाही बाहेर जाईनात. ऑक्टोपस आम्ही दोघांनी मिळून लावला, नळाच्या समोरच्या भिंतीवर, विटकरी रंगात, पाय चारी दिशांना सोडलेले. मधल्या फटींत पांढरं सिमेंट भरलं, पुसून काढलं, आणि ती भिंत अशी खुलली की नवराही दारात उभा राहून "वा" म्हणाला. त्याचा "वा" सहजासहजी निघत नाही. शाळेतल्या सहकारी बायका बघून गेल्या. प्रत्येकीनं फोटो काढले. मी माझं कौतुक बिनसंकोच ऐकून घेतलं. चांगलंच झालं होतं ते.

दोन महिन्यांनी, कापूस वेचून झाल्यावर, माय आठ दिवस राहायला आली. तिला मी बाथरूम दाखवलं. तिनं आत डोकावून मान हलवली, एवढंच. पहिले दोन दिवस ती अंधारात उठून, दिवा न लावता, दोन तांब्यांत आंघोळ उरकून बाहेर. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी तिला अडवलं. चांगलं ऊन वर येऊ दिलं, बादलीत गरम पाणी काढलं, दिवा लावला आणि म्हणाले, "माय, घाई नको करू. कोणी येत नाही."

तिनं आतून कडी लावली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाण्याचा आवाज नाही. अर्ध्या तासानं मी दारावर थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, जोरात, "माय!" नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. तेवढ्यात आतून शांत आवाज, "कसाले आवाज दी ऱ्हायनी व?"

कडी निघाली. माय प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, लुगडं कोरडं, केस कोरडे. बादलीतलं पाणी तसंच्या तसं, गार झालेलं.

"आंघोळ नाही केली?"

"देखी ऱ्हायनू," ती म्हणाली. मग ऑक्टोपसकडे बोट करून, "याले एक पाय कमी शे."

"काहीतरीच."

"मोज. एकीकडे चार, एकीकडे तीन."

मी मोजले. बोट लावून पुन्हा मोजले. सात. शाळेत मीच मुलांना सांगते, अष्टपाद म्हणजे आठ पायांचा. कागदावर तर मी आठ काढले होते, मग तो आठवा गेला कुठे? कागद शोधून काढला तर तिथेही सातच. मी, मिस्त्री, नवरा, त्या फोटो काढणाऱ्या बायका, कोणीच मोजले नव्हते. मी म्हणाले, "एक मागे लपलाय त्याचा."

"मंग तसं सांग ना," माय म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं. मलाही आवरेना. नवरा हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट हसत भिंतीला टेकला. मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मला दिसलं होतं. मला वाटलं, कलाकाराचं काही असेल."

त्याच दुपारी मी तीन पायांच्या बाजूच्या दोन पांढऱ्या टाइल्स काढल्या. उरलेले तुकडे परातीत ओतले आणि मायच्या पुढ्यात ठेवले. आठवा पाय तिनं लावला. ती एकेक तुकडा उचलायची, बोटानं कड चाचपायची, नको असला तर परत ठेवायची. माझ्या सांगण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. पाय जरा जाडसर झाला, टोकाला माझ्या नियमांत न बसणारा, ढिगातून चुकून आलेला हिरवा तुकडाही लागला. मी तो काढला नाही. तो पाय बाकी सातांपेक्षा जिवंत दिसतो, आणि हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते.

त्यानंतरचे दिवस माय ऊन वर आल्यावर आंघोळ करू लागली. आतून पाण्याचा आवाज थांबत थांबत यायचा. निघायच्या दिवशी पिशवी भरताना ती म्हणाली, "मना घरले बी असं पाहिजे. मासा नको. पन भिंती पक्क्या."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं. उन्हाळ्यात गावी माझ्या भावानं गोणपाटं काढून वीट-सिमेंटच्या भिंती उभ्या केल्या आणि मी सोनगीरच्या मिस्त्रींना घेऊन गेले. टाइल्स मायनं स्वतः दुकानात जाऊन निवडल्या. पिवळ्याधमक, शेवंतीच्या फुलांच्या. मला त्या अजिबात आवडल्या नाहीत आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"घर मनं शे," ती म्हणाली, आणि मिस्त्रींना पाणी द्यायला गेली.