चादरीची चार टोकं

इस्त्रीवाल्या काकूंशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. एकदा एक फौजदार "पँटवर दोन घड्या दिसतात" म्हणून चढ्या आवाजात बोलला, तर काकूंनी पँट तिथल्या तिथे बादलीत बुडवली. "आता एकही दिसत नाही. उद्या या!" तर अशी ही बाई न्यूमोनियाने दवाखान्यात पडली आणि घरी आली ती पायांतलं बळ तिथेच ठेवून.

मुलगा म्हणाला, "वृद्धांच्या संस्थेत ठेवू. तिला उभं राहता येत नाही, बघणार कोण?"

"मी आहे की!" लेक म्हणाली. तिने इस्त्रीचं टेबल भिंतीला सारून पुढच्या खोलीत पलंग लावला, न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून घेतला, आणि आपण कामावर असताना सोबतीला एक बाई ठेवली.

"रविवारी गाडी घेऊनच येतो," भाऊ म्हणाला. "तोवर आई चालली, तर गाडी रिकामी परत पाठवीन."

पण काकू कसल्या चालतात! वॉकर आला, त्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातले.

"काकू, चार पावलं टाका ना," बाई गयावया करी.

"कुठे जायचंय ते सांग, टाकते. उगाच खोलीत फेऱ्या मारायला मी काय घाण्याचा बैल आहे?"

"आई, तुझ्या हट्टाने दादाचं फावतंय!" लेक रडकुंडीला आली.

शनिवारी बाईने धुतलेली चादर एकटीनेच छातीशी धरून कशीबशी दुमडली. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही घडी की बोचकं? धर ती दोन टोकं!" उरलेली दोन त्यांनी पलंगावर बसूनच स्वतः पकडली. चादर ताणली गेली. बाई टोकं जुळवायला पुढे निघाली, तशा काकू कडाडल्या, "जागची हलू नकोस! पुढे येतो तो कारागीर. उभा राहतो तो मदतनीस!"

आणि उठल्या की हो! बाईच्या तोंडचं पाणी पळालं, पण पठ्ठीने चादर सैल सोडली नाही. त्या आधाराने काकू डुगडुगत तिच्यापर्यंत पोचल्या.

दारातून लेक बघत होती. तिने कपाट उघडलं आणि घडी घातलेल्या सगळ्या चादरी भराभर उलगडून पलंगावर टाकल्या.

"अगं सटवे!" काकू ओरडल्या. पण हात दुसऱ्या चादरीकडे गेलेच.

रविवारी गाडी दारात लागली. "आई, चल."

"चलते की. आधी ही टोकं धर."

मुलाने धरली. काकू उठल्या. पाय लटपटत होते, पण नजर त्याच्यावरून हलली नाही. एकेक पाऊल टाकत त्या आल्या आणि आपली टोकं त्याच्या मुठीत कोंबली.

"अगं, पाय केवढे थरथरतायत तुझे!"

"थरथरू देत. माझे आहेत. जा, गाडीवाल्याला वाटेला लाव."

तो गाडीकडे वळला.

"आणि लगेच परत ये," काकू मागून म्हणाल्या, "ढीग पडलाय अजून."