दुय्यम दफेदारांचा पुकारा

माझी थोरली बहीण सकवारबाई, म्हणजे आमची अक्का. तिचे यजमान खंडोजी दाजी आमच्या कानडी मुलखाच्या विधानसभेत दुय्यम दफेदार होते. अध्यक्षांच्या पुढे चालत सभागृहात यायचं आणि खणखणीत आवाजात त्यांचं आगमन पुकारायचं, म्हणजे आमदार उठून उभे राहतात, हे दफेदाराचं काम. पण अध्यक्षांसाठी मोठे दफेदार होते. दाजींच्या वाट्याला उपाध्यक्ष. चामराजपेटेतली आमची सोयरेमंडळी त्यांना 'उपदफेदार' म्हणून चिडवायची, आणि खरं सांगतो, सगळ्यात पुढे मीच असायचो.

दाजी रागवायचे नाहीत, शांतपणे समजावत बसायचे. अध्यक्ष नसले की उपाध्यक्ष खुर्चीवर बसतात आणि बसले की अधिकार सगळे त्यांचे. ते बोलू देतील तो बोलणार, ते बाहेर काढतील तो जाणार, मतं समसमान पडली तर निकाल त्यांच्या मतावर.

"मग कमी काय राहिलं, सांगा की!" दाजी विचारायचे.

"तो 'उप' राहिलाच की, दाजी," मी म्हणायचो.

१९६१ साली, दाजींच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना, ऐन अधिवेशनात अध्यक्ष इस्पितळात दाखल झाले. उपाध्यक्ष खेड्यातले मास्तर, किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. पुकाऱ्यात 'उप' ऐकू आला की निम्मे आमदार उठायचेच नाहीत, गप्पा मारत बसायचे. हे दाजींना फार लागायचं. त्यांनी ठरवलं, उद्या 'उप' म्हणायचं नाही.

अक्काने डोक्याला हात लावला. "स्वल्प तोंड आवरा हो! दोन महिन्यांसाठी कशाला हत्तीच्या पायाखाली जाता? म्हणून टाका तो 'उप'. सरी? कळलं ना?"

सकाळी कुणकुण लागून त्यांचे साहेब भीमाचार्य यांनीही बजावलं, "शब्द चुकला तर त्याच क्षणी निलंबित करीन."

मी पास काढून वरच्या गॅलरीत बसलो होतो. दार उघडलं. लाल पट्टा, जरीचा फेटा घातलेले दाजी दिसले आणि आवाज घुमला, "सन्मान्य सभाध्यक्षरु!" सभाध्यक्ष! अख्खं सभागृह सवयीनं उभं राहिलं. उपाध्यक्ष खुर्चीवर बसले, तसे एक ज्येष्ठ सदस्य कडाडले, "पुकारा चुकला आहे. अध्यक्ष इस्पितळात आहेत. या दफेदारावर कारवाई झाली पाहिजे!"

भीमाचार्यांचा चेहरा लालबुंद झाला. दाजी भिंतीला टेकून ताठ उभे.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते कन्नडमध्ये सावकाश म्हणाले, "ई पीठक्के 'उप' इल्ल." या आसनाला 'उप' नसतो. "इथे जो बसतो तो सभेचा अध्यक्ष. दफेदारांनी बरोबर पुकारलं, हा माझा निर्णय आहे. सदस्यांनी खाली बसावं."

सदस्य बसले. मग बाकं अशी वाजली की विचारू नका. मी भर गॅलरीत रडलो, लाज कसली त्यात! आमच्या उपदफेदारासाठी सभागृहाच्या कामकाजात निर्णय लिहिला जात होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर भीमाचार्य स्वतः दाराशी आले. "चला खंडोजीराव, वेळ झाली. पुकारा."

दाजींनी तेच पुकारलं, सकाळपेक्षा मोठ्यानं. आणि यावेळी सगळ्यांच्या आधी उठले ते हरकत घेणारे ज्येष्ठ सदस्य.