बांधावरचे दोन स्पीकर

“भाऊ, ते दोन स्पीकर काऊन वाया घालवून राह्यले?”

मेहकरच्या नाट्यस्पर्धेत पडदा उघडायला पाच मिनिटं असताना मी असा ओरडलो, की तिकडे संग्रामपूरला लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असतील.

नाटक माझंच, गुलाबी बोंडअळीवरचं. अळीची गर्जना आठ स्पीकरमधून प्रेक्षकांभोवती फिरणार होती. साउंडवाला देऊळघाटचा, त्याच दिवशी भेटलेला. त्याच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम आवाज वाजवायचा आणि दुसरा तो आठ स्पीकरांना वाटायचा. पण या गड्याने कडेचे दोन स्पीकर वाटणाऱ्यापासून तोडून थेट वाजवणाऱ्याला जोडले होते. प्रत्येक क्लिकआधी तो बोट पँटला पुसायचा आणि बी टोबल्यासारखं हळूच दाबायचा.

“बीटी बियाण्याच्या थैलीत साध्या कपाशीची पुडी येते ना, बांधाच्या कडीनं लावाले? हे तेच हाय,” तो म्हणाला. “सारं एकाच्याच भरवशावर सोडू नाही.”

अळी बीटीला सरावू नये म्हणून येणारी ती पुडी आमच्याकडे कोणीच लावत नसे. मी हसता हसता खुर्चीसकट उलटलो.

दुसऱ्या अंकात अळी गर्जणार, तोच वाटणारा प्रोग्राम गोठला. सहा स्पीकर मुके झाले. कडेचे दोन मात्र असे गरजले, की परीक्षकांनी पाय खुर्चीवर घेतले!

बक्षीस काखेत मारून मी त्याला गाठलं. “भाऊ, तुम्ही तं वावरात ती पुडी दरसाल लावत असान?”

“कधीच नाही लावली,” तो वायर गुंडाळत म्हणाला. “अळीनं वावर खाल्लं, म्हणून तं साउंडवर आलो.”