दुहेरी रेघ

महाडच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची नोंदवही माझ्याकडे होती. त्या वर्षी भंगारात काढायच्या वस्तूंच्या यादीत विभागप्रमुखांनी प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारा आमचा वर्णपटमापक घातला. शेरा: ‘नादुरुस्त. रेघ दुहेरी येते.’

ती रेघ मीच टिपली होती. दिवेलागणीला गच्चीवर दुर्बिणीला यंत्र जोडून, वृषभेतल्या बैलाच्या शिंगाच्या टोकावरचा तारा धरला होता. त्याच्या प्रकाशात हायड्रोजनची एकच ठळक तांबडी रेघ मिळेल असं वाटलं होतं. मिळाली दोन शिखरांची, मध्ये खळगा.

हे यंत्र गेलं असतं तर कॉलेज दुसरं घेणार नव्हतं. मी तपासणीची यादी केली. निऑनच्या दिव्याची रेघ, आधी आणि नंतर: एकेरी. शेजारच्या ताऱ्याची: एकेरी. फोकस: ठीक. कागद घेऊन विभागप्रमुख सरांच्या टेबलाशी गेले.

“बाई, यंत्राला चष्मा लागलाय. तुम्हालाही लागला असेल.”

“मग दिवाही दुहेरी दिसला असता, सर. त्या ताऱ्याभोवती वायूची तबकडी फिरते.”

“हो का? जाऊन बघून आलात?”

सर पोलादपूरकडचे, वर कुडपणचे. स्टाफरूममध्ये गावाचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. म्हणूनच काढलं.

“कुडपणला खळ्यावर मळणीचे बैल फिरायचे ना?”

“शिंगाचा तारा, म्हणून बैल का?”

“खळ्याच्या कडेला उभं राहिलं की बैल कुठून आपल्याकडे येतो?”

“डाव्या अंगानं.”

“आणि जातो?”

“उजव्या. समोरनं नुसता आडवा जातो. माझं खळं हाय ते, मला ठाऊक नाय?”

सर बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. मी थांबले नाही.

“मधल्या तिवड्याच्या खांबाच्या जागी तारा, बैलांच्या जागी वायू. येणाऱ्याचा प्रकाश जरा निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्याचा तांबड्याकडे. ही दोन शिखरं. आडव्या जाणाऱ्याचा सरकत नाही, पण त्याचा वाटा कमी, म्हणून खळगा. हेच खळं थेट वरून पाहिलं, तर कुणी येतही नाही, जातही नाही. रेघ एकच.”

सरांनी भंगाराची यादी ओढली, ‘नादुरुस्त’ खोडलं, ‘सुस्थितीत’ लिहिलं.

“यंत्र राहू द्या. तुमची जीभ तेवढी भंगारात द्या.”

“ती कॉलेजची मालमत्ता नाही, सर. इथे सही करा.”

त्यांनी सही केली, पेन टेबलावर आपटलं. यंत्राच्या कपाटाची किल्ली मी पर्समध्ये टाकली.