गुण्या लावला आन बायकोची रेघ खोडली

मी गवंडी माणूस. शाळेत तिसरीपतूर गेलो, ते बी खिचडीसाठी. बायको मातुर बाहेरून दहावीला बसलेली. दोनदा गणितात उडालेली, ही तिसरी बारी. दुसऱ्या दिवशी पेपर, आन ती कट्ट्यावर ग्राफ कागद पसरून बसलेली.

"अवो, ही रेघ दोन चढाची. हिला काटकोनात दुसरी काढलीया. बघा की."

चढ म्हंजे आमचा ढाळ. बाथरूमच्या फरशीला देतो तो. एवढं कळलं.

"दुसरीचा किती?"

"उणे अर्धा."

"उणे ढाळ? म्हंजे पाणी मोरीतनं माघारी येतंय व्हय?"

"एक चढती, एक उतरती. समांतर असत्या तर दोघींचा चढ सारखा. काटकोनात गुणाकार उणे एक."

समांतर पटलं, समोरासमोरच्या भिंती. गुणाकार डोक्यावरनं गेला. पण काटकोन म्हटल्यावर मी कशाला गप बसतोय? भिंतीचा काटकोन बघायचा लोखंडी गुण्या पिशवीतनं काढला आन कागदावर ठेवला. रेघ लागंना. बोटभर फट.

"चुकलंय तुझं."

तिनं परत गुणलं. उणे एक. मी परत गुण्या लावला. फट.

"मग पुस्तक चुकतंय व्हय?"

"गुण्या चुकत न्हाय!"

माझ्याच हातचं आमचं स्वैपाकघर. भिंत इतकी तिरकी की कोपऱ्यात कपाट बसत न्हाय. तरी ती टोमणा मारंना, म्हंजे लईच घाबरली हुती. तिनं रेघ खोडली. मी गुण्या धरून नवी मारली. तिचा चढ आला उणे दोन, गुणाकार उणे चार.

"यंदा बी न्हाय व्हायचं," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून पेपराच्या शाळेच्या गेटवर हुबा राहिलो. वाटलं, हिचं वरीस मी खाल्लं. ती आली ती हसतच.

"तुमचा गुण्या बरोबर, माझं गणित बी बरोबर."

"दोन्ही कसं?"

"काल कागदात मावंना म्हणून उभ्या बाजूला कागदाच्या एका चौकटीला दोन आकडं धरलेलं, आडव्या बाजूला एक. म्हणून रेघा दबल्या. पेपरात तसलंच गणित आलं. दोन्हीकडं एकच धरलं. कंपासातला गुण्या ठेवला, बरोबर बसला."

मी मान हलवली. कळलं काय बी न्हाय, अजून कळलं न्हाय.

गाडीवर मागं बसता बसता ती म्हणाली, "स्वैपाकघर बांधताना बी एका बाजूला दोन धरलेलं व्हय?"

मी व्हय म्हटलं. निदान कारण तरी घावलं.