तिसरी हाक

कायद्यापुढे सगळे सारखे, हे मामांना एकतीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून तोंडपाठ झालं होतं. वकील आले नाहीत तर ते ‘दुसऱ्या कोर्टात गुंतलेले’ असत आणि प्रकरण तासभर थांबे. गरीब पक्षकार आला नाही तर तो नुसताच ‘गैरहजर’. फरक काय तो एवढाच.

मामा पुकारा देणारे शिपाई. दारातून नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही कोणी आलं नाही, तर दावा निकालात.

त्या दिवशी धुणीभांडी करणाऱ्या एका आजींचा दावा होता. घरमालकाने कुलूप ठोकलेली खोली परत मिळावी, एवढंच मागणं. दावा गेला की खोली गेली. कोर्ट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, चांगली चकचकीत, पण न्यायाधीश आणि वकिलांसाठी. आजींच्या गुडघ्यांकडे कायद्याची पदवी नव्हती.

मामांनी पहिली हाक दिली. दुसरी दिली. जिन्यातून क्षीण आवाज आला, “आले रे बाबा, आले!” मामांनी कठड्यावरून डोकावलं. आजी पहिल्या मजल्यावर पायरीवर बसून दम खात होत्या.

मामा परत दारात येऊन गप्प उभे राहिले.

“मामा, तिसरी हाक?” घरमालकाचे वकील उतावीळ झाले.

“देतो साहेब. घसा बसलाय.”

“सकाळी चहावाल्यावर ओरडत होतात, तेव्हा बरा होता!”

“तेव्हाच बसला.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “काय चाललंय?”

“साहेब, तीन हाका द्याव्यात असं लिहिलंय. मध्ये किती वेळ जावा, ते कुठे लिहिलेलं नाही.”

“हा उघड पक्षपात आहे!” वकील कडाडले.

“असेल साहेब. मागच्या मंगळवारी तुमच्यासाठी पाऊण तास केला होता. तुम्ही कॅन्टीनमध्ये गुंतला होतात.”

न्यायाधीशांनी घाईघाईने फाइलीत तोंड घातलं.

एवढ्यात आजी चौकटीला टेकल्या. तेव्हा कुठे मामांचा घसा सुटला. अख्खी इमारत दणाणेल अशी तिसरी हाक त्यांनी दिली.

“मेल्या, कानात काय ओरडतोस? समोर तर उभी आहे!” आजी म्हणाल्या.

दावा वाचला. आजींना न्याय म्हणून दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं: समानतेच्या दृष्टीने तिन्ही हाका एका मिनिटात द्याव्यात. मामांनी वाचून सही केली. हल्ली ते पहिली हाक देण्याआधीच जिन्याने खाली एक चक्कर मारून येतात. त्याबद्दल अजून वरून काही आलेलं नाही.