भिंगवाल्या मामांचा निरंक रिपोर्ट

आमचे मामा गुरांच्या दवाखान्यात शेण तपासतात. सव्वीस वर्षं झाली. लग्न ठरताना मामींच्या माहेरी ‘मुलगा प्रयोगशाळेत आहे’ असं सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका खिडकीची खोली आहे, तीत टेबल, मोरी आणि मामांचा सूक्ष्मदर्शक. मामा त्याला भिंग म्हणतात, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर आठवडाभर अबोला धरतात.

जनावराच्या मालकाशी मात्र ते एरवीही बोलत नसत. मालक वाटेल ते सांगतो, शेण बनवाबनवी करत नाही, असं त्यांचं मत. खिडकीतून डबी आत, खिडकीतून रिपोर्ट बाहेर. तपासायची रीतही ठरलेली. शेण मिठाच्या दाट पाण्यात कालवायचं, नळी काठोकाठ भरायची, तोंडावर पातळ काच ठेवायची. जंतांची अंडी तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. काच भिंगाखाली जाते, नळीतला गाळ मोरीत. अंडी नसली की रिपोर्टवर एकच शब्द: निरंक.

त्या गुरुवारी दूधवाल्या बाईंची कबरी गाय अंगणातल्या खोड्यात, जनावर अडकवायच्या चौकटीत, उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दिसत होती आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. दोन दिवसांपूर्वी मामांनी तिच्या नावावर निरंक लिहिलं होतं. डॉक्टर तरुण, अभ्यासू. मामांचं निरंक म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. जंत नाहीत म्हटल्यावर त्यांनी दुसरं कारण शोधलं. चरताना तार पोटात गेली असेल, ती काळजाला टोचत असेल. त्यानंही अशीच सूज येते. म्हणजे पोट उघडून तार काढायची. गाय अशक्त आहे, उठेलच असं नाही, हेही त्यांनी बाईंना सांगून टाकलं होतं.

गाईची डावी कूस भादरायला घेतली तशा बाई तिथून उठल्या आणि मामांच्या खिडकीखाली येऊन बसल्या. तोंड चालू ठेवलं की जीव थाऱ्यावर राहतो, अशातल्या त्या. भिंतीशीच बोलत होत्या. वरचं कुरण यंदा करपलं, म्हणून तीन महिने गुरं कालव्याखालच्या दलदलीत सोडतेय. गवत हिरवंगार, पण मेल्या गोगलगायी इतक्या, की संध्याकाळी खुरांना चिकटलेल्या काढताना पाठ मोडते.

मामा आत काचा धूत होते. त्यांचा हात थांबला.

दलदल आणि गोगलगायी म्हणजे चपटा जंत. पानासारखा असतो, गाईच्या यकृतात बसून रक्त खातो. त्याची पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडून ओल्या गवतावर बसतात आणि गवताबरोबर पोटात जातात. आणि त्याची अंडी जड असतात. मिठाच्या पाण्यात ती वर येत नाहीत, तळाला बसतात. तळाचा गाळ मामांनी परवा मोरीत ओतला होता. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. पण इथली कुरणं कोरडी. गेल्या वीस वर्षांत तसला जंत दिसला नाही, आणि हाताला एकाच रीतीची सवय लागली.

ते कुणाला काही न बोलता अंगणात गेले, खोड्यामागचं ताजं शेण डबीत घेतलं आणि परत आले. शेण साध्या पाण्यात कालवलं, चहाच्या गाळणीतून पेल्यात ओतलं. आता खाली बसायला पाच मिनिटं. वरचं पाणी अलगद ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा पाच मिनिटं. यात घाई चालत नाही. पेला हलला की सगळं पहिल्यापासून. बाहेर वस्तऱ्याचा खरखराट थांबला. डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन मागितलं. मामा पेल्याकडे असे बघत होते, जणू नजरेनं गाळ खाली ढकलता येतो.

तिसऱ्या पाण्यानंतर निळ्या रंगाचा थेंब टाकून पहिली काच लावली. गवताचे धागे, माती. दुसऱ्या काचेवरही तेच. बाहेर उकळलेल्या हत्यारांचा ट्रे ठेवल्याचा आवाज झाला.

मामा उठले. हातात दाखवायला काहीच नव्हतं.

“साहेब, चाकू ठेवा. माझा रिपोर्ट चुकलाय.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. “अंडी सापडली?”

“अजून नाही.”

“मामा, इंजेक्शन दिलंय मी. अजून नाही म्हणजे काय?”

मामांनी गाईची पापणी उलटून दाखवली. आतून कागदासारखी पांढरी, रक्त आटल्यासारखी. मग दलदल, गोगलगायी, मिठाचं पाणी, मोरी, सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, कंपाउंडरसमोरसुद्धा, जो ही गोष्ट पुढची दहा वर्षं चहाबरोबर सांगणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो, पुढे मी थांबणार नाही.

तिसरी काच कोरी गेली. चौथीवर निळ्या पाण्यात एक सोनेरी लांबट ठिपका होता, एका टोकाला झाकण असलेला. शेजारी आणखी दोन. मामा आयुष्यात पहिल्यांदा भिंगापासून बाजूला झाले आणि डॉक्टरांना म्हणाले, बसा.

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन गाईला खोड्यातून सोडायला सांगितलं, आणि चपट्या जंतांचं औषध वजनाच्या अंदाजानं स्वतः मोजून पाजलं.

बाई खिडकीशी आल्या. “मग परवा काय बघितलंत हो तुम्ही?”

“तरंगलेलं तेवढंच.”

मामांनी रजिस्टर ओढलं आणि मागची पानं चाळायला घेतली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्याच्या पानावर बाईंचंच नाव होतं, जनावर कालवड, पुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात निरंक.

“ही कालवड कशी आहे?”

“ती गेली की. पंधरा दिवस झाले. नशीब म्हटलं, दुसरं काय.”

मामांनी पान मिटलं नाही. “नशीब नव्हतं, बाई,” ते म्हणाले. “बाकीची किती गुरं जातात दलदलीत?”

“आठ.”

“आजपासून नका सोडू. आणि आठांचंही शेण आणा. आत्ताच.”

बाई गाईचं दावं धरून निघाल्या. मामांनी आठ पेले धुऊन ओळीनं मांडले.